बंद करण्यापूर्वी किती थांबावे?



संगणक बंद कसा करावा, हा काय भाषणाचा विषय झाला, असे तुमच्यातले काही जण मनात म्हणत असतील. बटण दाबले, पडदा काळा झाला, संपले. मलाही पुष्कळ वर्षे असेच वाटत होते, आणि मी तर संगणकाचे प्रोग्रॅम लिहून पोट भरणारा माणूस. पण या बटण दाबण्यापायी आपल्या कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात काही घरांच्या दुधाचा हिशेब चुकला, एका सरळ पोरावर आळ आला, आणि शोध घेता घेता चूक निघाली ती माझ्या हातची. ती हकीकत आज तुमच्यापुढे ठेवतो. गुरुजींना आणि बाईंना त्यातले थोडे वर्गात सांगता आले तर पाहावे. शेवटी त्यासाठी एक खेळही सांगणार आहे.

गावाचे नाव सांगत नाही, केंद्राचेही नाही. वसना नदीच्या अंगाचे एक गाव, एवढे पुरे. हा सगळा वाघ्या घेवड्याचा मुलूख. २०१६ साली या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण घेवड्याचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि दुधाचा दर दहा दिवसांनी. म्हणून तर आपल्याकडे त्याला नुसते बिल म्हणत नाहीत, दुधाचा 'पगार' म्हणतात. पोरांच्या वह्या, किराणा, औषधपाणी, सारे त्या पगारावर. त्यात दहा-वीस लिटरचा फरक पडला तर घरात लगेच कळते, आणि कळते ते बाईमाणसाला आधी.

२०१७ साली त्या गावच्या दूध संकलन केंद्रावर संगणक बसला. प्रोग्रॅम माझा. दूध आले की वजन व्हायचे, नमुना यंत्रात जायचा, फॅट आणि एसएनएफचे आकडे निघाले की छापील चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात. तीच नोंद मोबाईलच्या जाळ्यावरून मुख्य कचेरीत जायची. पगार निघे तो कचेरीतल्या नोंदीवरून. चिठ्ठी आपली खुणेपुरती.

आता ही नोंद कचेरीत जाते कशी, ते समजून घेऊ. प्रोग्रॅममध्ये एक भाग असतो, त्याचे काम फक्त निरोप नेण्याचे. संगणकाच्या भाषेत त्याला क्लायंट म्हणतात. मी त्याला निरोप्या म्हणणार आहे. तुम्ही निरोप हातात ठेवला की हा निरोप्या लगेच धावत सुटतो, असे मात्र समजू नका. एकेका चिठ्ठीसाठी खेप घालण्यापेक्षा तो पाच-पंचवीस चिठ्ठ्या थैलीत जमू देतो आणि मग एकदम निघतो. पोस्टमन तरी प्रत्येक पत्रासाठी वेगळी फेरी कुठे मारतो? तेव्हा निरोप 'दिला' आणि निरोप 'पोचला' यांच्यामध्ये काही वेळ जातोच. तुमच्या हातातल्या फोनवर हे रोज दिसते. व्हॉट्सॲपवर निरोप पाठवला की कधी कधी आधी बारीकसे घड्याळ दिसते. त्याचा अर्थ, निरोप अजून तुमच्याच फोनमध्ये आहे. बरोबरची एक खूण आली म्हणजे मधल्या कचेरीत पोचला. दोन आल्या म्हणजे समोरच्याच्या फोनपर्यंत गेला. आजची सगळी गोष्ट त्या घड्याळाच्या चिन्हाची आहे. ते दिसत असतानाच कुणी प्रोग्रॅम बंद केला, तर थैलीतल्या चिठ्ठ्यांचे काय होते?

माझ्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये याचे उत्तर सरळ होते. बंद करण्याचे बटण दाबले की थैली रिकामी होईपर्यंत निरोप्याने थांबायचे. सगळ्या निरोपांची पोच आली की मगच दिवा मालवायचा. ऐकायला किती चांगले वाटते! पण त्या गावात पावसाळ्यात मोबाईलचे जाळे वरचेवर जायचे. अशाच एका रात्री जाळे गेलेले, दूध संपलेले, केंद्रावरच्या मुलाने बटण दाबले. पडद्यावर 'थांबा, बंद होत आहे' ही अक्षरे आली ती आलीच. साडेआठ झाले, नऊ झाले, दहा वाजले. घरून जेवायला दोनदा बोलावणे आले, आणि हा आपला पडद्याकडे बघत बसलेला. शेवटी त्याने काय करावे? तुम्ही-मी जे केले असते तेच त्याने केले. भिंतीतली पिन उपटली आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "साहेब, तुमचं मशीन झोपतच नाही बघा." मी ओशाळलो. त्याच रात्री दुरुस्ती केली. दुरुस्ती एका आकड्याची: थांबण्याची मुदत अमर्याद होती, ती शून्य करून टाकली. बंद म्हटले की तत्काळ बंद. पोरगा खूश, मी खूश. दोन महिने कुणाची कुरकूर नाही.

कुरकूर आली ती वस्तीवरून. गावापासून दोन-अडीच किलोमीटरवर ओढ्यापलीकडे एक वस्ती आहे. तिथल्या माणसांना संध्याकाळी केंद्रावर यायला सर्वांत उशीर होतो. धार काढायची, मग किटली घेऊन चालत यायचे. त्यांच्यातल्या एका आजींनी पगाराची पट्टी पाहिली आणि त्या सरळ केंद्रावर आल्या. त्यांनी प्रत्येक चिठ्ठी पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती. लिहिता-वाचता येत नाही, पण चिठ्ठ्या मोजता येतात. "चिठ्ठ्या माझ्याकडं हायत की रं पोरा. मग माझं दूध काय हवेत गेलं व्हय?"

मुलाकडे याचे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी वस्तीवरचे आणखी तिघे आले. त्यांचेही तसेच. गावात बोलायला किती वेळ लागतो? पोरगा वस्तीवाल्यांचे दूध परस्पर दुसऱ्याच्या नावावर टाकतो, असे पारावर बोलले जाऊ लागले. त्याचे वडील मान खाली घालून चालू लागले. चार दिवसांनी मला निरोप आला आणि मी पुण्याहून गावी आलो.

केंद्राच्या फरशीवर आम्ही एका बाजूला आजींच्या डब्यातल्या चिठ्ठ्या मांडल्या आणि दुसऱ्या बाजूला कचेरीची यादी. तासाभरात चित्र दिसू लागले. हरवलेल्या नोंदी सगळ्या संध्याकाळच्या, आणि त्यातही शेवटच्या पाच-सात. सकाळची एकही नाही, कारण सकाळी दूध संपल्यावरही संगणक चालूच असे. संध्याकाळचे मात्र तसे नव्हते. पोरगा चपळ, शेवटची किटली रिकामी झाली की हात पुसून तो लगेच बटण दाबायचा. माझा निरोप्या दर मिनिटाला एकदा थैली घेऊन निघायचा. ते मिनिट भरायच्या आत त्याला मी शून्य मुदतीत झोपवत होतो, थैलीसकट. ज्या दोन-चार दिवशी मुलाने आधी कॅन धुतले आणि मग संगणक बंद केला, त्या दिवशीच्या नोंदी पुऱ्या होत्या. म्हणजे पोराचा गुन्हा एवढाच, की तो कामाला झटपट होता.

यातली एक गोष्ट मला अजून टोचते. हरवायच्या त्या चिठ्ठ्या कुणाच्याही असू शकल्या असत्या, असे नव्हते. जो सर्वांत शेवटी येतो त्याचीच चिठ्ठी हरवायची, आणि शेवटी कोण येते? जो लांब राहतो तो. यंत्राला वस्ती आणि गावठाण कळत नाही, पण माझ्या त्या एका शून्याने तो भेद बरोबर केला होता. मी पारावर जाऊन चूक माझी असल्याचे सांगितले. चिठ्ठ्यांवरून सगळ्यांचे पैसे चुकते झाले. पोरावरचा आळ त्या दिवशी गेला. पण आळ गेला म्हणजे चार दिवसांची मान खाली घालणे भरून निघते, असे काही मी म्हणणार नाही.

आता प्रश्न असा, की अमर्याद थांबणे चूक आणि शून्य थांबणेही चूक, तर मग थांबावे किती? आकडा शोधण्याच्या आधी बंद करण्याचा क्रम पाहायला हवा. त्यासाठी तारखात्याचे उदाहरण घेऊ. आपल्या देशात १८५० साली कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तारेची पहिली ओळ टाकली गेली. पुढे दीडशेहून अधिक वर्षे तार चालली. तार आली म्हटले की पाकीट फोडण्याआधीच घरात रडे सुरू व्हायचे, हे पन्नाशी ओलांडलेल्या श्रोत्यांना सांगायला नको. तर ही सेवा २०१३ साली बंद झाली, ती कशी? भारत संचार निगमने महिनाभर आधी जाहीर केले की १५ जुलैपासून नवी तार घेतली जाणार नाही. १४ जुलैपर्यंत लोकांनी रांगा लावून तारा केल्या, काहींनी तर केवळ आठवण म्हणून. त्या दिवशी घेतलेल्या तारा पोचवायच्या होत्याच. आणि नोंदवह्या, वाटपाच्या चिठ्ठ्या पुढे सहा महिने जपून ठेवण्याचा हुकूम होता, म्हणजे उद्या कुणी विचारले तर दाखवता यावे.

आधी लागले ते घेण्याचे दार. देण्याचे दार हातातले काम संपेपर्यंत उघडे राहिले, आणि दप्तर त्याहूनही जास्त दिवस. माझ्या प्रोग्रॅममध्ये हा क्रमच नव्हता. पहिल्या वेळी मी देण्याचे दार उघडे ठेवले, पण घेण्याचेही लावले नव्हते. बंद होता होता कुणी आणखी दूध मोजले असते, तर तेही थैलीत येऊन पडले असते आणि थांबणे आणखी लांबले असते. दुसऱ्या वेळी दोन्ही दारे एकदम धाडकन लावली. दप्तर तर ठेवलेच नव्हते.

क्रम ठरला की मग मुदतीचा आकडा. इथे एक साधी गोष्ट पुष्कळ हुशार माणसेही विसरतात. प्रत्येक प्रोग्रॅमच्या वर दुसरा कुणीतरी धनी असतो आणि त्याचीही एक मुदत असते. एस.टी.चा कंडक्टर दोनदा घंटी मारतो तेव्हा तुमचे सामान चढले की नाही याची तो किती वेळ वाट पाहील? तसेच आहे. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक मोठ्या संगणकांत सिस्टीमडी नावाचा कारभारी असतो. तो प्रोग्रॅमला आधी नीट सांगतो, 'आवरते घे', आणि आपण दुसरे काही सांगितले नसेल तर साधारण ९० सेकंद वाट पाहून त्याला जबरदस्तीने बंद करतो. कुबरनेटीस नावाचा कारभारी ३० सेकंद देतो, डॉकर १०. आता निरोप्याला तुम्ही एक मिनिटाची मुदत दिलीत आणि वरचा धनी १० सेकंदांत मान धरणारा असेल, तर ते एक मिनिट कागदावरच राहिले. आतली मुदत नेहमी बाहेरच्या मुदतीहून कमी हवी. शिवाय दोन्हींच्या मध्ये थोडी फट हवी, उरलेल्या चिठ्ठ्यांची यादी लिहून काढण्यापुरती.

आमच्या केंद्रावर वरचा धनी कोण होता? पोराची भूक, आणि जुन्या इन्व्हर्टरची बॅटरी. वीज गेली की ती दहा-पंधरा मिनिटे तग धरायची. मग मी मोजमाप केले. जाळे धड असेल तर दोन-तीन सेकंदांत पोच यायची. मंद असेल तर दहा-बारा. वीस सेकंदांत काहीच आले नाही तर जाळे गेलेच समजावे, मग तासभर बसूनही उपयोग नाही. म्हणून मुदत वीस सेकंदांची धरली. हा आकडा त्या गावचा; तुमच्या गावचा वेगळा निघेल. मोजल्याशिवाय धरू नये.

अमर्याद मुदतीची खोड माझ्या एकट्याची नाही, हेही सांगून टाकतो, म्हणजे मला जरा बरे वाटेल. जगभर मोठमोठ्या कंपन्या निरोपांच्या कामाला काफ्का नावाचे सॉफ्टवेअर वापरतात. ते लिंक्डइन कंपनीत तयार झाले आणि २०११ साली सर्वांना खुले झाले. त्याच्या जावा भाषेतल्या निरोप्याला मुदत न सांगता 'बंद हो' म्हटले, तर थांबण्याची जी मर्यादा तो धरतो ती मिलिसेकंदांत एकोणीस अंकी आहे. गुरुजींनी मुलांकडून भागाकार करून घ्यावा. उत्तर सुमारे २९ कोटी वर्षे येते. प्रत्यक्षात एवढे थांबावे लागत नाही, कारण २०१८ पासून त्यात प्रत्येक निरोपाला स्वतःची वेगळी मुदत आली, आणि न सांगितल्यास ती दोन मिनिटांची असते. दोन मिनिटांत पोच आली नाही तर निरोप फसला असे तो धन्याला कळवतो. आणखी एक गंमत त्यात आहे. पोच घेणाऱ्या हस्तकानेच जर 'बंद हो' असा हुकूम सोडला, तर तो थांबणार कुणासाठी? स्वतःसाठीच! आतून कडी घालून बाहेरच्या माणसाची वाट पाहावी, तसे ते होईल. म्हणून तिथे काफ्का मुदत आपोआप शून्य धरतो.

पण वीस सेकंदांची मुदत ठरवून माझे काम संपले नव्हते. मुदत संपली आणि चार चिठ्ठ्या उरल्या, तर त्या टाकून द्यायच्या का? पगार कुणाचा तरी आहे. म्हणून मी निरोप्याला वही दिली. प्रत्येक चिठ्ठी थैलीत टाकण्याआधी वहीत, म्हणजे संगणकाच्या डिस्कवर, लिहायची. कचेरीची पोच आली की त्या ओळीवर काट. सकाळी संगणक चालू झाला की आधी काट नसलेल्या ओळी पुन्हा पाठवायच्या आणि मगच नवे दूध मोजायचे. खरे म्हणजे हे काम मी पहिल्या दिवशी करायला हवे होते. वही असती तर पोराने पिन उपटली तरी आजींचे दूध गेले नसते.

या वहीतून नवीन अडचण उभी राहिली, आणि ती फार जुनी अडचण आहे. समजा, कोरेगावच्या एका माणसाला साताऱ्याला निरोप धाडायचा आहे. वाटेत माहुलीला कृष्णा आडवी. पूल नव्हता तेव्हाची गोष्ट धरा, आणि पूर आहे. गडी चिठ्ठी घेऊन पाण्यात उतरला. संध्याकाळपर्यंत उत्तर आले नाही. आता कोरेगावच्या माणसाने काय समजावे? गडी जाताना बुडाला आणि चिठ्ठी पोचलीच नाही? की चिठ्ठी पोचली आणि उत्तर घेऊन येताना तो बुडाला? काठावर उभ्या असलेल्याला दोन्ही सारखेच दिसते. बरे, उत्तराची पोच, त्या पोचेची पोच असे कितीही गडी पाण्यात घातले, तरी शेवटच्या गड्याची खात्री कुणालाच होत नाही. हे कोडे संगणकाच्या शास्त्रात १९७५ साली मांडले गेले आणि जिम ग्रे या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७८ साली त्याला दोन सेनापतींचे कोडे असे नाव दिले. ते कुणी सोडवलेले नाही, कारण ते सुटतच नाही, एवढे सिद्ध झालेले आहे.

म्हणजे पोच आली नाही, याचा अर्थ निरोप पोचला नाही असा होत नाही. सकाळी मी वहीतली ओळ पुन्हा पाठवली आणि रात्रीची चिठ्ठी खरे तर कचेरीत पोचलेली असली, तर? आजींच्या नावावर दुप्पट दूध. आधी बुडवले, आता वाढवून दिले. हिशेब चुकला तो चुकलाच. यावर उपाय घरगुती आहे. प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक: केंद्र, तारीख, सकाळ की संध्याकाळ, आणि अनुक्रम. कचेरीने चिठ्ठी घेताना आधी पाहायचे, या क्रमांकाची आपल्याकडे आहे का? असेल तर नवी नोंद करायची नाही, नुसती पोच द्यायची. मग एकच चिठ्ठी दहा वेळा पाठवली तरी दूध एकदाच मांडले जाते. इतके झाल्यावर मुदतीची भीती उरत नाही. वीस सेकंदांत जे जाईल ते जाईल. उरलेले सकाळी जाईल, आणि दोनदा गेले तरी बिघडत नाही.

तुमच्यातले पुष्कळ जण आता विहिरीवरची मोटर फोनवरून चालू-बंद करतात. त्यांच्यासाठी दोन शब्द वेगळे, कारण तिथे ही वहीची युक्ती अंगाशी येऊ शकते. दुधाची नोंद सकाळी पोचली तरी ती खरीच असते. पण 'मोटर चालू कर' हा काल संध्याकाळचा निरोप वहीतून उचलून आज सकाळी पोचवला, आणि त्या वेळी कुणी पाइप सोडवत असेल किंवा स्टार्टरच्या पेटीत हात घालून बसला असेल, तर? असा निरोप शिळा झाला की मरून गेलेला बरा. यंत्रांच्या आपसातल्या निरोपांसाठी एमक्यूटीटी नावाची एक बोली फार वापरतात. ती १९९९ साली आर्लन निपर आणि आयबीएममधले अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क यांनी तेलाच्या नळांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी बनवली. तिच्या २०१९ सालच्या आवृत्तीत प्रत्येक निरोपाला आयुष्य घालून देण्याची सोय आहे. तेवढ्या सेकंदांत गेला नाही तर मधली कचेरी तो फाडून टाकते. तुमच्या यंत्राच्या विक्रेत्याला एवढे जरूर विचारा: जाळे नसताना मी मोटर चालू करायचा निरोप दिला, आणि जाळे चार तासांनी आले, तर मोटर चालू होईल का? उत्तर 'हो' आले तर यंत्र घेऊ नका.

त्याच बोलीत आणखी एक सोय आहे. यंत्र कचेरीशी जोडले जाताना आपले मृत्युपत्र लिहून देते: मी न सांगता गप्प झालो तर अमुक निरोप सगळ्यांना द्या. यंत्राने रीतसर निरोप घेतला तर कचेरी ते मृत्युपत्र फाडून टाकते. ठरलेल्या अंतराच्या दीडपट वेळ काहीच बोलले नाही, तर ते वाचून दाखवते. म्हणून बंद होताना घाई कितीही असली, थैली अर्धी राहिली असली, तरी शेवटचा राम राम घालायचा वेळ राखून ठेवावा. नाही तर यंत्र सुखरूप झोपलेले असते आणि इकडे मालकाच्या फोनवर मध्यरात्री संदेश येतो की पंप मेला.

आता गुरुजींसाठी कबूल केलेला खेळ. सहावी-सातवीची मुले चालतील. वर्गाच्या एका टोकाला एक मुलगी दूधवाल्यांच्या चिठ्ठ्या लिहील, प्रत्येक चिठ्ठीवर क्रमांक. मधे एक निरोप्या. तो पाच चिठ्ठ्या जमल्या की धावेल. दुसऱ्या टोकाला कचेरी. ती चिठ्ठी वहीत मांडून पोच देईल. मध्येच तुम्ही घंटा वाजवा. पहिल्या डावात घंटा होताच सगळे जागच्या जागी थांबतील. हातात अडकलेल्या चिठ्ठ्या मोजा. दुसऱ्या डावात निरोप्या सगळ्या पोचा येईपर्यंत थांबेल, आणि तुम्ही कचेरीवाल्याला गुपचूप पाणी प्यायला बाहेर पाठवा. वर्ग किती वेळ ताटकळतो ते पाहा. तिसऱ्या डावात घंटा झाली की नवीन चिठ्ठी लिहायची नाही, वीसपर्यंत मोजायचे, आणि जे उरेल ते फळ्यावर क्रमांकासह लिहायचे. चौथ्या डावात एक पोच वाटेतच हिरावून घ्या आणि निरोप्याला विचारा, चिठ्ठी पोचली का? काही मुले हो म्हणतील, काही नाही म्हणतील. 'मला कळत नाही' असे म्हणणारे एखादे निघाले तर त्याच्याकडे लक्ष ठेवा.

त्या गावातल्या केंद्राचे सांगायचे राहिले. नवा प्रोग्रॅम बसवून झाल्यावर पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम थांबलो होतो. शेवटी वस्तीवरच्या आजी आल्या, दूध मोजले, चिठ्ठी घेतली, आणि जायच्या ऐवजी पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या. पोराने बटण दाबले. वीस सेकंदांनी पडद्यावर अक्षरे आली: 'दोन चिठ्ठ्यांची पोच आलेली नाही.' आधी तिथे 'पोचल्या नाहीत' असे लिहिले होते; माहुलीच्या गड्याचा विचार करून मी ते बदलले होते. खाली दोन क्रमांक आणि नावे. पोराने ती भिंतीवरच्या वहीत पेन्सिलीने उतरवून घेतली आणि आजींना वाचून दाखवली. एक त्यांचीच होती. आजी म्हणाल्या, "मग सकाळी बघून सांग," आणि किटली उचलून ओढ्याच्या वाटेला लागल्या.